फक्त जोडप्याला

“बेडरूमला पडदा जाड लागेल, काकू. हिच्या डोळ्यांवर सकाळचं ऊन आलं, की दिवसभर हिचं डोकं दुखतं,” तो घरमालकीणबाईंना म्हणाला आणि स्वतःच खिडकीत जाऊन पूर्व कुठे ते बघून आला.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. संसार होता तेवढी वर्षं हीच डोकेदुखी त्याच्या लेखी नाटकं होती.

संसार मोडून आता वर्ष झालं होतं. पण एकट्या बाईला घर हवंय म्हटलं, की मालकांच्या कपाळाला आठ्या पडत. कुणी म्हणे, कालच गेलं हो. कुणी म्हणे, घरातलं कुणी मोठं माणूस घेऊन या. ती बहिणीकडे हॉलमध्ये गादी टाकून झोपायची. मेहुणे रोज पहाटे तिच्या पायांवरून ओलांडून जात आणि एक अक्षर बोलत नसत. बोलले असते तरी बरं झालं असतं. शेवटी लाज गिळून तिने यालाच फोन केला. तासभर नवरा हो, पुढचं माझं मी बघेन. तो हसला, पण आला. चांगला इस्त्रीचा शर्ट घालून आला.

आणि काय भूमिका वठवत होता! नळ सोडून पाण्याचा जोर बघितला. ओट्यापाशी उभा राहून म्हणाला, “उंच आहे हो जरा. हिची पाठ भरून येते.” दाराची कडी दोनदा लावून पाहिली. “ही सैल आहे, बदलून द्या. रात्री उठून दार तपासल्याशिवाय हिला झोप लागत नाही.”

म्हणजे याला सगळं माहीत होतं. पाठ, डोकं, रात्रीचं उठणं, सगळं. माणसाच्या लक्षातच येत नाही, स्वभावच तसा, अशी तिने इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली होती. ती समजूत धरून ती रडायचीही कमी. लक्षात सगळं येत होतं. फक्त करायचं काही नव्हतं.

“नशीब काढलंस हो,” मालकीणबाई तिला म्हणाल्या. “आमचे हे जन्मात कधी ओट्याकडे फिरकले नाहीत.” त्यांनी कमरेची किल्ली काढून हातात घेतली होती. घर मिळाल्यातच जमा होतं.

हेही तिने गिळलं असतं. घरासाठी माणूस काय काय गिळतो. पण तेवढ्यात त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“संसार म्हटला की एवढं बघावंच लागतं, काकू.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तो हात काढून बाजूला केला.

“आमचा घटस्फोट झालाय,” ती म्हणाली. “घर मला एकटीला हवंय. मी दातांच्या दवाखान्यात नोकरी करते. भाडं वेळेवर देईन, आवाज नाही, येणंजाणं नाही. तुम्हाला माझा काही त्रास होणार नाही.”

मालकीणबाईंनी किल्ली मुठीत घेतली. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. खोटं दोघंही बोलले होते. राग मात्र सगळा तिच्या वाट्याला आला.

“इतक्या चांगल्या माणसाला सोडलंस?”

तो खाली फरशीकडे बघत होता. अन्याय झालेल्या माणसाचा चेहरा करणं त्याला पहिल्यापासून छान जमायचं.

“मी नाही बाई एकटीला घर देत,” मालकीणबाई म्हणाल्या. “उद्या काही झालं, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंड मला द्यायचंय.”

काही म्हणजे काय, ते तिने विचारलं नाही. पर्स उचलली, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरायला लागली. दार उघडंच राहिलं होतं.

“तुम्ही कुठे असता मग?” मालकीणबाईंचा आवाज आता मऊ झाला होता.

“थोरल्या भावाकडे. सध्यापुरता.”

“अगं बाई. वहिनीच्या हाताखाली दिवस काढायचे म्हणजे... तुम्हाला हवं असलं तर बघा हो. पुरुषमाणसाचं एक बरं असतं, कुणी चौकशा करत नाही.”

ती पायरीवरच थांबली. कठड्याला धरून उभी राहिली. तो नाही म्हणेल, असं तिला अजूनही वाटत होतं. निदान आज तरी म्हणेल.

वर त्याने घसा साफ केला.

“काकू, गाडी खाली लावता येते ना?”