चोपन्न किलो वाळू

धैर्यशील मान्यांनी शर्यतीची गाडी चार वजनकाट्यांवर चढवली, प्रत्येक चाकाखाली एक. मग सवयीने सीटवर वाळूची पोती ठेवायला वाकले. चोपन्न किलो, म्हणजे बरोब्बर त्यांच्या बायकोचं, उर्मिलाचं वजन.

शेजारच्या गॅरेजमधले साळोखे हसले. "माने, सीटवर आता कोण बसतंय? वाळू काढा, फेरीमागं सव्वा सेकंद वाचेल."

खोटं नव्हतं ते. हौशी शर्यतीतही आता माणसं बसत नसत. त्यांच्या चालवण्या-बोलण्याची नक्कल गाडीत भरली की झालं. उर्मिला जाऊन तीन वर्षं झाली होती, तिची नक्कल मात्र अजून गाडी सुसाट पळवायची. मान्यांनी पोती बाजूला ठेवली आणि रिकाम्या सीटच्या हिशेबाने स्प्रिंगा जुळवल्या.

शर्यत सुरू झाली आणि दुसऱ्याच फेरीत गाडी तिसऱ्या नंबरवर आली. तेवढ्यात हेडफोनमध्ये तिचा आवाज आला, घाबरलेला.

"अहो, उजवी बाजू हलकी लागतेय. मी सीटवर नसल्यासारखी."

तीन वर्षांत एवढी एकच गोष्ट त्यांनी तिला सांगितली नव्हती.

"चुकलं माझं. गाडी आत घे."

शर्यत गेली. साळोख्यांनी कपाळावर हात मारला. मान्यांनी एकेक पोतं उचलून सीटवर बसवलं, वरून पट्टा आवळला, स्प्रिंगा जुन्या खुणांवर आणल्या.

गाडी शेवटच्या नंबरवर निघाली. पहिल्या वळणानंतर आवाज आला, "आता बरंय. मघाशी काय झालं होतं हो?"

"काही नाही," माने म्हणाले. "तुझं वजन धरायला विसरलो."