पहिलटकरीण

मांजरीचं पोट चाचपून मालन सिस्टरनी निकाल दिला होता: गाभण आहे. प्रसूतिगृहात बत्तीस वर्षं काढलेला हात चुकेल कसा? जिन्यात सापडलेल्या त्या मांजरीला घरात घेऊन आठवडाही झाला नव्हता, तरी दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर चढून त्यांनी माळ्यावरची जुनी मऊ साडी काढली आणि खोक्यात अंथरली.

दवाखान्यात मांजरीला तपासून जनावरांची डॉक्टर हसली. “कानाचा शेंडा कापलेला दिसतोय ना? नसबंदीची खूण ती. ऑपरेशन झालंय हिचं. पण त्याआधी पिल्लं झालीत, पाजलीतही. सड बघा, तसेच मोठे राहिलेत.”

“मग पिल्लं कुठं गेली?”

“कोण सांगणार?”

सिस्टर थकून बाकावर टेकल्या. पोटावर आधीच्या बाळंतपणाचे पांढुरके वण असलेल्या कितीतरी पोरी त्यांना आठवल्या. सोबतची सासू ठसक्यात सांगायची, “पहिलटकरीण आहे आमची.” पोरगी खाली बघायची. आणि सगळं ओळखूनही सिस्टर केसपेपरवर तेच लिहायच्या.

डॉक्टरनं कार्ड भरायला घेतलं. “आधीची पिल्लं... ‘माहीत नाही’ लिहिते.”

“नको,” मांजरीच्या सैल पोटावर हात ठेवून सिस्टर म्हणाल्या. “झाली होती, असं लिहा.”