मक्याची पोती

"बाबा, गुरांच्या ढेकरांतल्या वायूपायी हवा तापतेय. त्यापेक्षा कुरणात पीक घ्या," म्हणत लेकीनं पिच्छाच पुरवला. शेवटी बाबांनी चारही गायी पलीकडच्या गोठेवाल्याला विकल्या आणि कुरण नांगरून मका लावला. गायींची दावी फेकवेनात, म्हणून त्यांचे तुकडे करून त्यांनी मक्याच्या पोत्यांची तोंडं बांधली. व्यापाऱ्याचा टेम्पो भरून गेला, तशी लेक खूश झाली.

मग दोघं गायींना बघायला गेली. गोठ्यात गुरं दुप्पट झाली होती.

"काय करणार, दादा? आमचीही गुरं तुमच्याच कुरणात चरायची. आता दावणीलाच विकतचा मका घालतो, अन् त्याचा खर्च निघावा म्हणून गुरं वाढवली," गोठेवाला म्हणाला.

लेकीनं बाबांकडे पाहिलं. बाबा कोपऱ्यातल्या पोत्यांकडे बघत होते.



थोरली गाय पोत्याला बांधलेलं आपलं जुनं दावं चाटत होती.