अर्थिंग

चट्‌ असा आवाज झाला आणि ऐंशी वर्षांच्या गीताबाईंनी पाय झटकन मागे घेतला. पायाशी वाकलेले मच्छिंद्रआण्णा हसत सरळ झाले.

"आशीर्वाद द्या, आजी. पंचायत समितीला उभा हाय."

"मुंगी चावल्यागत झालं रं बाबा," अंगठा चोळत गीताबाई म्हणाल्या.

"तुमची पुण्याई हाय ती. अंगात सळसळती!"

भोवतीच्या बायका हसल्या. एवढा मोठा माणूस, पण गाडीतून उतरला की आधी म्हाताऱ्यांच्या पाया पडतो. भांडगावापासून पाटसपर्यंत पाच दिवस हेच कौतुक चाललं होतं.

गाडीचं दार धरून उभ्या असलेल्या नवनाथनं मान दुसरीकडे वळवली. आण्णांचा ड्रायव्हर असल्यामुळे खरं काय ते त्याला ठाऊक होतं, आणि ते बघून त्याला किळस यायची.

फेब्रुवारीची कोरडी हवा, नव्या गाडीची मखमली सीटकव्हरं, आण्णांचे टेरिकॉटचे कडक कपडे आणि रबरी तळाचे बूट. सीटवरून घसरून उतरताना अंगात वीज साठायची आणि दाराच्या पत्र्याला हात लागला की सणसणीत झटका. गाडी घेतली त्याच दिवशी भर चौकात आण्णा "आई गं!" म्हणून ओरडले होते आणि अख्खा चौक हसला होता. मग दौंडच्या वायरमननं सांगितलं, "करंट कुठंतरी सोडावा लागतो, आण्णा. अर्थिंग पायजे. उतरलं की पत्र्याला शिवू नका, मातीवर पंजा टेका."

मातीवर हात टेकला तर हात मळतो. मतदारांचे पाय समोरच होते. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात. इथं म्हातारीच्या अंगठ्यावर पुढारी नम्र झाला होता.

आण्णा गाडीत बसले, हात रुमालाला पुसले आणि नेहमीसारखे खिदळले. "झटका तिला, मत मला! काय नवनाथ?"

नवनाथनं गाडी पुढं काढली. आता भीमनगर होतं. त्याची स्वतःची वस्ती.

सकाळी भाकरी बांधून देताना त्याच्या आईनं, सारजाबाईनं, विचारलं होतं, "समद्यांच्या पाया पडत्यात म्हनं तुझं आण्णा. माझ्याबी पडत्याल का रं?"

चाळीस वर्षं तिनं आण्णांच्या रानात खुरपलं होतं. त्या घरातल्या कुणी तिच्या हातात कधी पाण्याचा तांब्या दिला नव्हता. वरून ओंजळीत ओतायचे. आता त्याच घरातला माणूस वाकणार म्हणून म्हातारी हरखली होती. तिला खरं सांगायला नवनाथची जीभ रेटली नाही. "पडत्याल की आये," एवढंच म्हणून तो बाहेर पडला होता.

रस्ताभर तो तेच घोकत होता. ह्या माणसाच्या अंगातला करंट माझ्या आईच्या पायात जाऊ द्यायचा नाही. शेवटी त्यानं ठरवलं, दार उघडलं की आण्णांचा हात आपणच धरायचा. झटका आपल्याला बसू दे. आईच्या पायाला नुसता हात लागू दे.

विहारासमोर वीस-पंचवीस माणसं उभी होती. सगळ्यांच्या पुढे सारजाबाई, धुतलेलं लुगडं नेसून. गाडी थांबताच तिनं चपला बाजूला काढल्या आणि अनवाणी पाय जुळवले. कुणी पाया पडणार असलं की म्हातारी माणसं उभी राहतात तशी.

नवनाथनं दार उघडलं आणि हात पुढे केला.

आण्णांनी त्या हाताकडे पाहिलंही नाही. पत्र्याला न शिवता ते खाली उतरले, अंग चोरून दोन पावलं पुढे आले. समोर सारजाबाई होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे. तिथंच थबकले.

मग ते मागे वळले आणि त्यांनी आपण होऊन दाराचा पत्रा धरला.

चट्‌.

त्यांचं तोंड कळवळून वाकडं झालं, पण ओरडले नाहीत. वळून, चार हात लांबूनच त्यांनी हात जोडले. "जय भीम, जय भीम! लक्ष असू द्या, मावशी."

"जय भीम," सारजाबाई म्हणाली. तिचे पाय जुळलेलेच होते.

पाचव्या मिनिटाला आण्णा परत गाडीत होते. बोट चोळत म्हणाले, "आयला, लई बेकार बसला. ती सीटकव्हरं आजच्या आज काढून टाक."

नवनाथनं किल्ली फिरवली. दुसऱ्यांच्या आयांचे अंगठे पोळताना आलेली किळस परवडली, असं त्याला वाटलं. ही नाही.

"आण्णा, येक इचारू?"

"इचार की."

"पाच दिसांत तुम्ही येक झटका खाल्ला न्हाई. हितंच का खाल्ला?"

आण्णांचं बोट चोळणं थांबलं. ते म्हणाले, "काच वर घे. धुरळा येतोय."

नवनाथनं काच वर घेतली. आरशात सारजाबाई दिसत होती. गाडीवरची नजर न काढता ती एका पायानं चाचपत चपला शोधत होती.