मांडवाची तुळई

"ही पण गेली, वहिनी," शिडीवरून अविनाश म्हणाला. "आतून पार कुजलीय."

"मग पुढच्या रविवारी याच," लतिका म्हणाली आणि थालीपीठं टाकायला आत गेली.

अंगणात खुर्चीवर बसलेला तिचा नवरा सूर्यकांत जळफळला. लक्ष्मीबाई नगरच्या या क्वार्टरमधला मधुमालतीचा मांडव त्याने हौसेने उभा केला होता. पहिली तुळई खरंच कुजली होती, लतिकाच्या डोक्यावर पडता पडता राहिली. पण तेव्हापासून दर रविवारी एक नवीन तुळई कुजलेली निघत होती. काढलेली तुळई अविनाश लगेच वर आपल्या गॅलरीत नेऊन ठेवी. थंडीत शेकोटीला होईल म्हणे.

अविनाश वरच्या मजल्यावरचा, बांधकाम खात्यातला. विधुर, आणि अंगाने धडधाकट. सूर्यकांतचा उजवा हात मात्र अर्धांगाचा झटका आल्यापासून मांडीवर पडून असे. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्याने पहिल्याच आठवड्यात पलंगाखाली भिरकावला होता. लतिकाने विनवण्या केल्या, रडली, भांडली. हल्ली तिने तो विषयच सोडला होता. मन दुसरीकडे रमलं की नवऱ्याच्या हाताची कोण काळजी करतो?

"या ना, सूर्यकांतराव," अविनाश खाली उतरत म्हणाला. "एकदम सिंपल आहे. हा पेचकस टोचायचा. लाकूड सडलं असेल तर लोण्यात गेल्यासारखा आत जातो."

"तुमचं चालू द्या."

अविनाश पेचकस शिडीच्या पायरीवर ठेवून हात धुवायला आत गेला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून लतिकाचं हसू ऐकू आलं. एवढं मोकळं ती घरात कित्येक महिन्यांत हसली नव्हती.

सूर्यकांत उठला. मांडव उतरता होता, अविनाशने कुजकी म्हटलेल्या तुळईचं एक टोक डोक्याशी येत होतं. त्याने पेचकस उचलला आणि तिच्यात खुपसला. टोक आत गेलं नाही. दात-ओठ खाऊन त्याने पुन्हा जोर लावला. लाकडावर नुसता ओरखडा उठला.

खोटारडा. आणि तीही त्याला सामील.

तो तसाच तरातरा स्वयंपाकघराच्या दारात गेला.

"तुळई ठणठणीत आहे. मी स्वतः टोचून बघितली. दर रविवारी इथे कशाला येता, ते सांगा आता."

अविनाशने ताटली खाली ठेवली. लतिका नवऱ्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिचे डोळे भरून आले होते.

"बघितलंत, भावजी?" ती म्हणाली. "मी म्हटलं होतं ना, यांना चेंडू नको, जळवायलाच पाहिजे."

सूर्यकांतने खाली पाहिलं. पेचकस त्याच्या उजव्या मुठीत होता.