सुनेच्या मापाचा ओटा

"ओटा कोणाच्या उंचीनं घेऊ, काकू?" टेप हातात धरून अतुलनं विचारलं.

"सुनेच्या," वच्छलाबाई म्हणाल्या.

"बलवा मंग तिले. कोपरापासून माप घ्या लागते."

"आली नाही अजून. येईन."

अतुल हसला नाही, म्हणून तो त्यांना पहिल्याच दिवशी आवडला. राळेगावात मॉड्युलर किचन बसवणारे आणखीही होते. पण हा मारेगावचा, नात्यागोत्यातून ओळख निघालेला, आपल्यातलाच. घरात दिवसभर वावरायचं म्हणजे माणूस घरच्यासारखा हवा.

त्यांच्या मुलाला, अक्षयला, तीन मुलींनी नकार दिला होता. पोरगा निर्व्यसनी, शेत काळंभोर, पण कापूस म्हटला की मुलीकडच्यांची तोंडं कडू व्हायची. बोंडअळीच्या साली आलेले पाहुणे तर चहासुद्धा न घेता उठले. जाताना मुलीच्या आईनं धुरानं काळ्या झालेल्या स्वयंपाकघराकडे टाकलेली नजर वच्छलाबाईंच्या काळजात रुतून बसली. पोराचं लग्न या धुरापायी अडतंय, असं त्यांनी मनाशी धरलं आणि नवऱ्याच्या, भगवानरावांच्या मागे लागून नवं किचन करायला काढलंच.

मग काय, बाई हवेतच. आत ड्रिल घरघरायचं आणि त्या दाराशी बसून सून बघायच्या. खिडकीपाशी उभी राहून ती पोळ्या लाटतेय, केस ओले आहेत, बांगड्या किणकिणतायत. चेहरा तेवढा दिसायचा नाही.

"तिखटमिठाचा डबा उजव्या हाताले ठेव रे. अन् हे कप्पे आवाज न करता मिटले पाहिजे. सकाळी पोरगी झोपेतच येईन."

"नवरीचा पत्ता नाही अन् हिचा संसार चालू झाला," भगवानराव म्हणायचे.

अतुल मात्र सांगितलं तसं करायचा. उंचीसाठी वच्छलाबाईंनी डोळे मिटले, त्या सुनेचा हात कुठवर येतो ते आठवलं आणि भिंतीवर खडूनं रेघ मारली. त्यानं मुकाट्यानं ती रेघ धरून ओटा बांधला.

दिवाळीनंतर घाटंजीचे पाहुणे घर बघायला आले. सोबत मुलगीही होती, वैष्णवी. एक फळी बसवायची राहिली होती, म्हणून अतुल आतच होता. वैष्णवी ओट्यापाशी गेली, हात टेकला. बरोबर! तसूभरही कमी-जास्त नाही. वच्छलाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतके दिवस न दिसलेला चेहरा समोर उभा होता, आणि गोड होता.

मुलीनं कप्पा ओढून सोडला. तो आपला आपण, अलगद मिटला. ती हसली, तिची आई हसली.

"असं किचन आमच्या घाटंजीत नाही पाह्यलं बाई मी," आई म्हणाली.

मुलीचे वडील अतुलपाशी उभे राहून बराच वेळ गाव, घर विचारत होते. अंगणात अंग चोरून बसलेल्या अक्षयला ओरडून सांगावं, जमलं रे बाबा, असं वच्छलाबाईंना झालं होतं.

या पाहुण्यांनी चहा घेतला. दुसऱ्यांदाही घेतला. मग कप ठेवून मुलीचे वडील वच्छलाबाईंजवळ आले आणि हळूच, अगदी मान राखून म्हणाले,

"पोरीले लय आवडलं, बाई. हा अतुल आपल्यातलाच निंघाला. लगन झालं का त्याचं?"