रिसेप्शनचा काउंटर

"आई, उठू नकोस, तशीच बस," असं म्हणून मानसी दुकानाबाहेर फुटपाथवर जाऊन उभी राहिली.

बाहेरून काउंटर झकास दिसत होता. चार फूट उंच, अक्रोडी रंगाचा, चकचकीत. त्याच्यामागे जमिनीवर आई बसली होती. अख्ख्या चकाल्याला शकुमावशी म्हणून ठाऊक असलेली बाई, पण तिचा अंबाडासुद्धा दिसत नव्हता.

"दिसते का गं मी?" काउंटरमागून आवाज आला.

"नाही," मानसी चरफडत म्हणाली.

"मग मी चालले माझ्या जिन्याखाली."

उद्घाटन दोन दिवसांवर आलं होतं. शकुमावशी मेट्रो यायच्या आधीपासून समोरच्या फुटपाथवर, आता मेट्रोच्या जिन्याखाली, गजरे विकत होती आणि पालिकेची गाडी आली की अजूनही टोपली उचलून पळत होती. ते पळणं थांबावं म्हणून तर मानसीने हे दुकान घेतलं होतं. बुके नंतर खपतील तेव्हा खपतील, गिऱ्हाईक यायचं ते गजऱ्यांनाच. आई आत बसली नाही तर दुकानाला अर्थच नव्हता.

बजेट बेताचं, त्यामुळे दुकानात नवं असं काही नव्हतं. फ्रिज बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून आणलेला, त्याचं दार गुडघ्याने ढोसल्याशिवाय लागत नसे. फळ्या चपलांच्या दुकानातल्या, तिरक्या. त्यांच्यावर बादली ठेवली की ती हळूहळू पुढे यायची. भिंतीवर हिरवं गवत चिकटवलं होतं. "फुलांच्या दुकानात प्लॅस्टिकचं गवत?" असं आई सकाळपासून तीनदा म्हणाली होती.

काउंटर मात्र मानसीचा स्वतःचा म्हणायचा. मरोळच्या ज्या ऑफिसात ती नऊ वर्षं रिसेप्शनला होती, ते बंद झालं तेव्हा भंगारवाल्याच्या आधी जाऊन तिने तो मागून घेतला होता. आतल्या कप्प्यावर तिच्या नावाची पट्टी अजून तशीच होती.

"उंच स्टूल आणते तुला," ती आत येत म्हणाली.

"आणि पाय लोंबकळत ठेवून गजरा गुंफू? दोरा अंगठ्यात कसा अडकवायचा? तो डोंगर काप आधी."

"त्याला हात लावायचा नाही!" मानसीचा आवाज चढला. "सगळ्यात तुझं आपलं काहीतरी. लोक आता दुकान बघून येणार आहेत आई, तुला बघून नाही."

मोगऱ्याच्या कळ्यांवर ओलं फडकं टाकून आई तिथेच बसून राहिली. आपण बोललो ते बरं नाही, हे मानसीला कळत होतं, पण डोकंच फिरलं होतं. ती दातात स्क्रू धरून शिडीवर चढली आणि पाटी लावायला लागली. मागच्या भिंतीत सुतार धोंडूकाकांचं ड्रिल मशीन घरघरत होतं.

तेवढ्यात दारात एक बाई आल्या. पलीकडच्या शाळेत शिकवणाऱ्या, रोज संध्याकाळी आईकडून दोन गजरे नेणाऱ्या. त्यांनी फ्रिज पाहिला, गवत पाहिलं, काउंटर पाहिला.

"अहो, समोरच्या गजरेवाल्या मावशी दिसत नाहीत आज. गेल्या का सोडून?"

मानसीच्या दातात स्क्रू होता. तिने हाताने खाली खूण केली, पण बाईंना वाटलं, ती थांबायला सांगतेय. त्यांनी घड्याळ पाहिलं. काउंटरमागून आई "आले, आले" म्हणत होती, ते ड्रिलमध्ये बुडून गेलं. गुडघ्यावर हात टेकत ती उभी राहीपर्यंत बाई मेट्रोच्या जिन्यावर पोचल्या होत्या.

धोंडूकाकांनी मशीन थांबवलं. आईने फडक्यासकट कळ्या टोपलीत भरल्या. रागावलेलीही नव्हती ती, आणि त्याचाच मानसीला जास्त त्रास झाला.

"थांब," मानसी शिडीवरून उतरली. तिने धोंडूकाकांच्या कानावरची पेन्सिल ओढून घेतली. "इथे काउंटरच्या पुढ्यात बस. रोज बसतेस तशी."

आई बसली. मानसीने तिच्या हनुवटीच्या उंचीला अक्रोडी रंगावर सरळ रेघ मारली. "काका, इथून कापा."

आईने मान वळवून रेघ पाहिली. "माझं तोंड बघायला येतात होय लोक? हात दिसले पाहिजेत. कळी ताजी आहे का शिळी, ते गुंफताना कळतं त्यांना."

तिने पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवला आणि दोन कळ्या बांधून दाखवल्या. मानसी गुडघ्यांवर बसली. पहिली रेघ तिने थुंकी लावून पुसली आणि दुसरी मारली, आईच्या हातांच्याही खाली, जमिनीपासून जेमतेम वीतभर.

धोंडूकाका वाकून बघतच राहिले. "ह्या लाकूड न्हय गो, नुसतो भुसो चिकटवलेलो आसा. करवत लावलंय तर अर्धो चुरोच होतलो. मगे उरतला काय?"

मानसीचा हात अजून काउंटरवरच होता.

"वरची फळी खऱ्या लाकडाची आहे," आई पुढची कळी उचलत म्हणाली. "तिचा मला पाट करा. एवढी वर्षं जमिनीवर बसून गुडघे गेले माझे."